धुळीत दिलेलं औषध

क्षयरोगाच्या गोळ्या रुग्णाने आपल्या डोळ्यांदेखत गिळल्या पाहिजेत, असा नियम आमच्या जिल्ह्यात आला, तेव्हा मी कसालच्या आतल्या बाजूला एका उपकेंद्रावर आरोग्य सेवक होतो. गोळ्यांचं पाकीट हातात देऊन घरी पाठवायचं नाही. माणसाने यायचं, आपण पाणी द्यायचं, गोळी घशाखाली उतरली की मगच त्याला सोडायचं. नियम चांगला होता. त्याआधी लोक अर्ध्यात औषध सोडायचे आणि मरायचे. मालवणला खाडीकाठच्या आमच्या घरात माझे थोरले काका तसेच गेले होते. म्हणून मी तो नियम नोकरी म्हणून पाळला नाही, व्रत पाळावं तसा पाळला.

माझ्या हद्दीत पांढऱ्या दगडाची एक गिरण होती. गारेचा दगड ट्रकने यायचा, तो फोडून, दळून त्याचं मैद्यासारखं पीठ करायचे. ते पीठ गोणी भरून काचेच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांना जायचं. शेड पत्र्याची, तीन बाजूंनी बंद. वाऱ्याने पीठ उडालं तर मालकाचं नुकसान, म्हणून बंद. पुरुष दगड घालायला आणि चक्कीवर, बायका चाळायला, गोणी भरायला आणि दाभणाने त्यांची तोंडं शिवायला. संध्याकाळी सगळे बाहेर पडले की भुवया, केस, पापण्या पांढऱ्या. रस्त्यावरची पोरं ओरडायची, ‘दशावतार सुटलो रे!’ आणि त्यातला एखादा खरोखरच राजासारखा हात वर करून दाखवायचा.

तो हात वर करणारा म्हणजे माझा रुग्ण. जवळच्या वाडीतला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. पावसात स्वतःचं भात, एरवी गिरण. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे होता. आवाज असा, की ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की नदीपलीकडे ऐकू जाई आणि शेवटपर्यंत दम तुटत नसे. त्याची बायकोही त्याच गिरणीत गोणी शिवायला होती. त्याला खोकला लागला, वजन उतरलं. थुंकी दोनदा तपासली, त्यात जंतू नव्हते. पण छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना डाग होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी फोटो बघून क्षयाचं औषध सुरू करायला सांगितलं. खोकला, रोडावलेपण, फोटोत डाग. मलाही शंका आली नाही.

त्याची अडचण एकच होती.

‘डॉक्टरांनू,’ तो म्हणाला, कारण आमच्याकडे सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टर, ‘दिवसाआड तुमच्या दवाखान्यात येवचा म्हणजे माझी अर्धी हजेरी जातली. मालक तेवढे पैसे कापून घेतलो.’

‘मगे मीच गिरणीत येतंय,’ मी म्हणालो.

ही माझी कल्पना होती. कुणी सांगितली नव्हती. जुन्या मोटारसायकलीवरून दिवसाआड मी गोळ्या घेऊन गिरणीत जाऊ लागलो. शेडच्या तोंडाशी गाडी लावली की आतून ओरडा व्हायचा.

‘इलो रे, सरकारी प्रसाद इलो!’

‘डॉक्टरांनू, आमका पण एकेक गोळी दिया. आमी काय सावत्र?’ एक गोणीवाली म्हणायची.

‘तुका कित्याक होयी?’ त्याची बायको दाभण न थांबवता म्हणायची. ‘तुझ्या जिभेक औषध नाय गो सरकाराकडे.’

चक्कीच्या आवाजात हे सगळं किंचाळून चालायचं. तो तांब्या आणायचा. पाण्यावर सायीसारखा पांढरा थर असायचा. तो फुंकर मारून थर बाजूला सारायचा, आणि त्या फुंकरीनेच त्याला खोकला यायचा. खोकला बसेपर्यंत मी थांबायचो, मग गोळ्या द्यायचो, तोंड उघडून बघायचो. निघताना सगळ्यांना सांगायचो, पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवा. तोंडावर मी रुमाल बांधलेला असायचा. धुळीसाठी नाही, त्याच्या खोकल्यासाठी. त्या अख्ख्या शेडमध्ये नाकातोंडावर फडकं असलेला मी एकटाच होतो.

आणखीही एक काम मी चोख केलं. त्याच्या घरी जाऊन बायकोला सगळं समजावून दिलं. याचं ताट वेगळं, पेला वेगळा, निजायचं पडवीत. पोरांना जवळ घ्यायचं नाही. औषध लागू पडल्यावर इतकं सोवळं पाळायची गरज नसते, हे मला शिकवलेलं होतं. पण मी जास्तीची काळजी म्हणून पुढेही तेच चालू ठेवायला सांगितलं. ती बाई शब्दाची पक्की. तिने ॲल्युमिनियमचं एक ताट वेगळं काढलं, त्याच्या कडेला खिळ्याने खूण केली, आणि ते कधी दुसऱ्या भांड्यांत मिसळू दिलं नाही. माझ्यामुळे ती रात्री त्याच्यापासून लांब राहिली. दिवसभर मात्र ती त्याच्यापासून चार हातांवर, त्याच पिठात बसून गोणी शिवत होती. या दोन गोष्टी मी तेव्हा एकत्र धरून कधी पाहिल्या नाहीत.

औषध संपलं. एकही गोळी चुकली नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झालेल्या बैठकीत वरिष्ठांनी माझं उदाहरण दिलं, ‘रुग्ण येत नसेल तर आपण त्याच्या कामावर गेलं पाहिजे.’ मी खाली मान घालून बसलो होतो, पण आत फुललो होतो. त्याच्या घरी त्याने अंगणात नारळ ठेवून माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. वाडीतली दहा माणसं जमली.

‘बा देवा म्हाराजा, आज ह्या सरकारी माणसान तुझ्या लेकराक मरणाच्या दारातसून मागे आणल्यान...’

‘होय म्हाराजा!’

‘तेच्या पोराबाळांक... तेच्या घरदाराक...’

तो थांबला. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा थांबला. हात गुडघ्यावर टेकले. मला वाटलं, त्याचा कंठ दाटून आलाय. माझेही डोळे भरले. म्हाताऱ्या चुलत्याने पुढचं गाऱ्हाणं पुरं केलं आणि आम्ही सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं.

तो दमला होता, एवढंच. मला ते कळायला हवं होतं. रोज श्वास मोजायचंच माझं काम होतं.

आजारात मालकाने त्याला चक्कीवरून काढून शेडमध्येच गोणी मोजायला बसवलं होतं. आता मालकाला कागद हवा होता की माणूस धडधाकट झाला. आमच्या केंद्रातून तो कागद मीच आणून दिला. मालकाने त्याला पुन्हा चक्कीच्या तोंडाशी उभा केला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच गिरणीतली आणखी माणसं खोकू लागली. सगळ्यांचं तसंच. थुंकी साफ, फोटोत डाग. मी म्हटलं, एकाच शेडमध्ये बसतात, एकाचं दुसऱ्याला लागतंय. गिरणीत माझ्या फेऱ्या वाढल्या. वाडीत वेगळी ताटं वाढली. आणि त्याचा खोकला तर परत आलाच. पुन्हा औषध झालं, या वेळी सुयांसकट, आणि काहीच उतार पडेना. चढणीला तो माडाला हात लावून उभा राहायला लागला. तेव्हा मी त्याला एसटीने ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. छातीचे एक डॉक्टर तिथे ठरावीक दिवशी बाहेरून येत. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

‘हा काम काय करतो?’

‘गिरणीत, साहेब. दगडाच्या,’ मी म्हणालो.

‘कसला दगड?’

‘पांढरा. गारेचा. पीठ करतात त्याचं.’

‘किती वर्षं?’

‘गिरण सुरू झाली तेव्हापासून आसंय,’ तो म्हणाला.

‘आणि औषध कुठे घ्यायचात? दवाखान्यात जाऊन?’

मी काही बोलायच्या आत त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘नाय साहेब. हे स्वता येयत गिरणीत. थंय उभे ऱ्हवान घेवक लावीत. एक गोळी चुकवक दिल्यानी नाय.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही दगडाची धूळ आहे. फुप्फुसात बसते, तिथे गाठी धरते, आणि निघत नाही. तिला औषध नाही. अशा छातीत क्षयही लवकर शिरतो, त्यामुळे क्षय कधी नव्हताच असं ते म्हणणार नव्हते. पण मूळ आजार धुळीचा. कामामुळे होणारा. तो दिसला की डॉक्टरने सरकारला कळवायचा असतो, कायद्यातच तसं आहे. ते कळवणार होते. ‘आणि हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही,’ ते शेवटी म्हणाले.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. ओरोस सुटल्यावर त्याने विचारलं, ‘म्हणजे मी पोरांका घेवन जेवलो असतंय, तरी चलला असता?’

‘होय,’ मी म्हणालो.

कसाल आलं. उतरल्यावर स्टँडच्या कट्ट्यावर बसून श्वास जमवला आणि म्हणाला, ‘माझा ऱ्हवांदे. ती आजपण थंयच गेली आसा. तिका काय होवच्या आधी कायतरी करा.’

‘तिला सांगूया, गिरण सोड म्हणून.’

‘आणि खावचा काय? दोन पोरा आसत. घर तिच्या हजेरीर चलता. गिरण बंद करूक नको. गिरण बरी करून घेवा. सरकारात आसास मां तुमी?’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘आणि ह्या लागत नाय म्हणान तुमीच तिका सांगा. माझा ती ऐकाची नाय. तुमी ताट येगळा करूक सांगितलास, आता तुमीच सांगा.’

सांगतो, म्हणालो. सांगितलं नाही. ‘लागत नाही’ म्हटलं की बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं. प्रत्येक वेळी त्यांच्या अंगणातून परतताना मी स्वतःला म्हणायचो, आधी गिरणीचं काम होऊ दे, मग एकदमच सांगू.

गिरणीच्या कामासाठी मी ओरोसला हेलपाटे घातले. कुणी हाकलून दिलं नाही. मी सरकारी माणूस, म्हणून खुर्चीही मिळायची. पण प्रत्येक टेबलाची हद्द दुसऱ्या टेबलापाशी संपत होती. कामगारांचं बघणाऱ्यांनी विचारलं, माणसं हजेरीपटावर आहेत का? नव्हती, चार-दोन सोडून. दगडाचा परवाना देणाऱ्यांना दगडापुरतं माहीत होतं. हवेचं बघणाऱ्यांनी विचारलं, शेडच्या बाहेर धूळ येते का? बाहेर येत नव्हती. तीन बाजू बंद होत्या. आणि आमचं खातं म्हणालं, आपण आजार बघायचा, कारखाना नाही. कारखाने तपासणारे साहेब दुसऱ्या जिल्ह्यात बसत आणि त्यांच्याकडे एकट्याकडे आमच्यासारखी किती गावं होती, कोण जाणे. छातीच्या डॉक्टरांनी कळवलं होतं म्हणून शेवटी हे साहेब येणार असं ठरलं. त्या दिवशी मी त्याच्या पडवीत जाऊन हे सांगितलं, तेव्हा तो हसला. ‘बघ, इलो की नाय सरकार,’ असं त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘येऊदे तरी आधी.’

आमच्याकडे न सांगता कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही. सरकारही ती रीत पाळतं. साहेब यायच्या आधीच गिरणीत निरोप पोचलेला होता. मी पोचलो तेव्हा शेड धुऊन काढलेली, एका बाजूचे पत्रे उतरवलेले, जमिनीवर पाणी मारलेलं. चक्की अगदी हळू फिरत होती. चार पुरुषांच्या तोंडावर कापडी पट्ट्या, घड्या अजून न मोडलेल्या. एकही बाई नव्हती, सगळ्यांना घरी राहायला सांगितलं होतं. मालकाने शहाळी आणून ठेवली होती. साहेबांनी शहाळं घेतलं नाही, हे मला नमूद केलं पाहिजे. ते सरळ माणूस वाटले, दमलेले. सगळीकडे फिरले, आणि मग आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना विचारलं, ‘इथल्या कामगारांमध्ये तुम्हाला काय आढळतं?’

‘टीबी आहे साहेब या पट्ट्यात,’ आमचे डॉक्टर म्हणाले. ‘पण सगळ्यांचे उपचार पूर्ण केलेत. हे आमचे आरोग्य सेवक तर इथे गिरणीत येऊन समोर उभं राहून औषध देतात.’

साहेब माझ्याकडे वळले. ‘बरोबर?’

त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे सगळं होतं. इथे रोज पाणी मारत नाहीत. बायका आज घरी बसवल्यात. ओरोसच्या डॉक्टरांनी काय पाहिलं. तांब्यातल्या पाण्यावरचा थर. पण शेजारी माझे डॉक्टर उभे होते. आणि दुसरं म्हणजे, मी बोललो असतो तर माझं सगळं चोख काम त्याच क्षणी उलटं झालं असतं. मी धुळीत उभा राहून, नाकाला रुमाल बांधून, धुळीच्या रोग्याला गोळ्या भरवत होतो, असा त्याचा अर्थ झाला असता.

‘हो साहेब,’ मी म्हणालो.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो पडवीत मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर हात टेकून बसला होता. तेव्हा त्याला आडवं होता येत नसे.

‘काय झाला?’

‘बघून गेले. आज पाणी मारलेला. पत्रे काढलेले. फडकी दिलेली.’

‘आज?’ तो म्हणाला, आणि हसता हसता खोकायला लागला. बऱ्याच वेळाने खोकला थांबला. ‘मगे सोपा आसा, डॉक्टरांनू. रोज एक सायब बोलवा. गिरण आपोआप सुदारतली.’

साहेबांना मी काय म्हणालो, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बायको दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पत्रे परत बसले होते.

चतुर्थीच्या आधी तो गेला. कागदावर कारण क्षयरोग लागलं, कारण आधीचे सगळे कागद तेच सांगत होते. दिवस झाल्यावर मी घरी गेलो. ती चुलीपाशी भांडी लावत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘तेंचा ताट आसा. ता काय करू? पोरांका लागात म्हणान अजून तसाच ठेवलंय. पुरूचा काय?’

तेव्हा मी सांगितलं. सगळं, एकदमच. धूळ, ओरोस, लागत नाही, आणि ‘हो साहेब’. ती उभी होती ती खाली बसली. मग म्हणाली, ‘ते माका सांगी होते. मी तेंका म्हटलंय, तुमका काय कळता, डॉक्टर काय खोटा सांगतले?’

त्यानंतर मी लेखी दिलं. गिरणीतल्या ज्यांना ज्यांना मी क्षयाचं औषध दिलं, ते कुठे आणि किती दिवस कामाला होते, तपासणीच्या दिवशी काय केलं होतं आणि मी काय बोललो नाही. ते ओरोसला दिलं, कारखान्यांच्या साहेबांना पाठवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं काम पुसताय.’ मला पुसायचंच होतं. माझी बदली किनाऱ्याकडे झाली. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, हे मी विचारलं नाही.

काही झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. तेच साहेब पुन्हा आले, या वेळी न कळवता, बायका कामावर असताना. गिरण काही महिने बंद राहिली. मग दुसऱ्या नावाने उघडली, चक्कीवर धूळ ओढून घेणारे पाइप बसवून, चाळणी झाकून. म्हणजे त्याने मागितलं होतं ते झालं. सरकारला ते जमत होतं. पहिल्या वेळीही जमलं असतं.

ती तोवर काजूच्या कारखान्यात जाऊ लागली होती. ‘थंय धूर आसा, पण धुरळो नाय,’ असं तिनेच मला सांगितलं. गिरणीच्या जुन्या-नव्या सगळ्या कामगारांच्या छातीचे फोटो काढायचे असं ठरलं, तेव्हा बोलवायला माणूस हवा म्हणून मला तिकडे परत पाठवलं. ओरोसचे ते छातीचे डॉक्टरही आले होते. बायका पदराने तोंड पुसत ओळीत बसल्या होत्या. तिचा फोटो डॉक्टरांनी बघितला आणि मला बोलावून डाग दाखवले. बारीक होते, पण होते. ‘तुमच्या बोलीत नीट सांगा,’ ते म्हणाले. ‘लपवू नका.’

मी तिला बाजूच्या बाकावर बसवून सांगितलं. आत्ता थोडं आहे. वाढेलच असं नाही, पण वाढू शकतं. दरवर्षी फोटो काढायचा. दम लागला की लगेच यायचं. खर्च पडणार नाही यासाठी अर्ज करायचाय, तो मी लिहीन.

‘मी गिरण सोडलंय तरी?’ तिने विचारलं.

‘तरी.’

‘म्हणजे मी सोडलंय, पण ता माका सोडूचा नाय.’

ती हातातल्या पिशवीची घडी घालत बसली. घातलेली घडी उलगडून परत घातली. मग उठून ओळीकडे गेली. पुढचा नंबर त्या गोणीवालीचा होता, जिला ही एकेकाळी जिभेवरून बोलायची.

‘काय सांगल्यानी गो?’ तिने विचारलं.

‘खरा सांगल्यानी,’ ती म्हणाली. ‘जा तू.’